युवराजच्या जागी

फोन आला तेव्हा पडद्यावर मी युवराज होतो. रविवारची सकाळ, सुरतेच्या रिंग रोडजवळचं सायबर कॅफे. त्याच्या नावाने मी एका परदेशी खेळाडूशी लेखी वाद घालत होतो. काउंटरवरून मालकाने हाक मारली, "भाई, तमारो फोन छे." फोन अमळनेरहून होता. युवराज पहाटे गेला, एवढं त्याच्या चुलतभावाने सांगितलं आणि फोन ठेवला. मी खुर्चीवर परत आलो. पडद्यावर समोरच्याची ओळ आली होती : आहेस का? मी लिहिलं, आहे.

युवराज आणि मी लिंबायतच्या मराठी शाळेत एका वर्गात होतो. पुढे मी वर्तमानपत्रात लागलो, तो एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवू लागला. त्याचे वडील, आप्पा, अमळनेरकडून आलेले आणि तीस वर्षं कापडाच्या मागावर उभे राहिलेले, घर गोडादऱ्यात. दोन वर्षांपूर्वी सुरतेत इंटरनेट आलं आणि युवराजला तो खेळ सापडला. एक काल्पनिक राज्य, त्यात जगभरातले शेकडो लोक एकाच वेळी वावरतात. कुणी सैनिक, कुणी वैदू, कुणी चोर. चित्र एकही नाही. उत्तरेला जायचं तर तसं टाइप करायचं, मग तिथे काय दिसतं ते अक्षरांत उमटतं. लोक खेळून मोकळे होत. युवराज मात्र खेळ कसा असावा यावर भांडायचा. खेळ चालवणारे आणि खेळणारे जिथे मतं मांडत, त्या फलकावर त्याचं मोडक्या इंग्रजीतलं पत्र दर आठवड्याला असायचंच.

"उंदीर मारा, उंदीर मारा. हजार मारले की वरची पायरी," तो चिडून म्हणायचा. "आप्पा तीस वर्षं हेच करतायत. ते त्याला खेळ म्हणत नाहीत."

"मग खेळतोस कशाला?"

"सुधारायला. तुझ्या पेपरासारखं नाही रे. इथे वाचणाऱ्याचं ऐकतात."

चित्रांचे खेळ येऊ घातले होते, त्यांना त्याचा विरोध होता. चित्र आलं की सगळ्यांना एकच जंगल दिसणार, असं तो म्हणे. आत्ता माझ्या जंगलात साग आहे, एखाद्या कॅनडावाल्याच्या जंगलात त्याचं काय ते असेल. मेलेला खेळाडू देवळात पुन्हा जिवंत होतो, हेही त्याला पटत नसे. कुणी विचारपूस करायला येत नाही, मग मेल्याचा उपयोग काय… असं तो हसत म्हणाला होता. पण त्याचा जीव अडकला होता तो बदलीच्या प्रस्तावात.

मागावरचा कामगार लग्नाला किंवा पेरणीला गावी जातो तेव्हा आपल्या जागी एखाद्याला उभं करून जातो, बहुधा आपल्याच गावच्याला. त्याला बदली म्हणतात. माणूस परतला की बदली बाजूला होतो. यात फसवणूक आहे असं कुणालाच वाटत नाही, मालकालाही नाही. बदली न ठेवता गेलेल्याची जागा मात्र जाते. खेळात नियम उलटा होता : एका पात्रामागे एकच माणूस, आणि तो ठराविक दिवस आला नाही तर पात्र पुसलं जाई. युवराजने लिहिलं, ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आणि फोन आहे त्यांचंच हे राज्य होणार. आमच्यासारख्यांना बदली ठेवू द्या. वर्षभर त्याने ते पत्र पुन्हा पुन्हा सुधारलं. अखेर खेळाच्या चालकांनी महिनाभर चर्चेला मान्यता दिली.

त्याच आठवड्यात त्याला कावीळ झाली. इथल्या दवाखान्यात दाखवू, असं मी म्हणालो. आप्पा म्हणाले, "कावीयनं औसद गावमाच शे." मी पुढे बोललो नाही. बोलायला हवं होतं. गावी निघताना स्टेशनवर युवराजने पासवर्डची चिठ्ठी माझ्या खिशात घातली. डोळे पिवळे झाले होते. "मी येईस्तोवर उभा राहा. प्रस्ताव पडू देऊ नको. आणि बातमीसारखं कोरडं लिहू नको."

तो वारल्यावर दोन आठवडे मी खेळात कुणाला काही सांगितलं नाही. चर्चा आमच्या बाजूने वळू लागली होती. मग चालकांपैकी एकाने विचारलं, तुला स्वतःला कधी बदलीची गरज पडली आहे का? मी नऊ वर्षं बातम्या लिहितो आहे. सरळ सांगितलेल्या घटनेपुढे कुठलंही मत टिकत नाही, यावर माझा विश्वास होता. मी लिहिलं : युवराज वारला आहे. त्याच्या जागी मी बदली आहे.

मागाच्या कारखान्यात हे वाक्य उच्चारलं की माणसाची जागा राहते. मी त्याच भरवशावर लिहिलं. एकाने पुरावा मागितला. आमच्या अंकातली चार ओळींची निधनवार्ता मीच लिहिली होती. ती मराठीत, त्यांच्या काय कामाची? दुसऱ्याने लिहिलं, मतं मिळवायला मरणाची गोष्ट रचणं हलकटपणाचं आहे. दुसऱ्या दिवशी निर्णय आला. पात्र भलताच माणूस वापरत होता, म्हणून ते पुसलं आहे. प्रस्ताव मांडणारा खेळात नाही, म्हणून चर्चा बंद. मी दोन दिवसांत चालकांना ई-मेलने सहा पत्रं पाठवली. मला कायमचं बाहेर काढा, पण त्याचा प्रस्ताव वाचा, असं विनवलं. उत्तर नाही.

दिवसकार्य उरकून आप्पा परत आले, तेव्हा गोडादऱ्याला भेटायला गेलो. मुलगा खेळात काय करतो हे त्यांना त्यानेच कधीतरी समजावलं असावं. चहा संपल्यावर त्यांनी विचारलं, "मंग आते त्यानी जागावर कोन शे?"

"मी आहे, आप्पा."

"सोडू नको, भाऊ. पोऱ्याने लई मेहनत करी."

रविवारी दहा वाजता मी कॅफेत जाऊन बसतो. त्याचं नाव लिहितो, पासवर्ड लिहितो. या नावाचं इथे कुणी नाही, अशी ओळ उमटते… मी पुन्हा लिहितो.