जिन्याचा कोपरा

आमी चौघं व्हतो: मी, कौसाबाई, रमजानबी आन् एक मिस्त्री. त्याचं नाव इचारायचं राहूनच गेलं. हिंगोलीच्या बाजारातल्या पडक्या धर्मशाळेची दुरुस्ती चालली व्हती. गिलावा झाला की मिस्त्री डोळे मिटून भितीवर तळवा फिरवायचा. खडबड लागली की खरवडून टाकायचा, सोताचं काम असलं तरी.

धनी वारल्यापासून चाळीस साल म्या डोक्यावर सिमिट-रेतीचा माल वाह्यला. थापी कोणी हातात दिली न्हाई. त्यानं दिली. "मावशी, जिन्याचा कोपरा तुमी करा."

कौसा हसली, "अगं बुढे, भित वाकडी व्हईल!"

मिस्त्री म्हनला, "जिनं जल्मभर माल कालवला, तिला माल कळत न्हाई व्हय?"

सांजेला त्यानं डोळे मिटून तळवा फिरवला. हात कुठंच थांबला न्हाई.

तो कोपरा अजून तसाच हाय. तिथं पान खाऊन थुकू नका.