जाळीतला पाहुणा

२९ मे १९९८. सांगलीतल्या आमच्या कॉलेजात जाळीसरांचं कपाट रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं, कारण रसायनशास्त्र विभागात झुरळांना न भिणारी मी एकटीच. सर दोन दिवसांनी निवृत्त होणार होते.

या माणसाला जगात जाळीशिवाय काही दिसत नसे. त्यांच्या स्फटिकांत धातूचे अणू म्हणजे सांधे, सेंद्रिय रेणू म्हणजे त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या आणि मधे रिकामी घरं. घरात स्पिरिटचा रेणू शिरला की जाळी उघडते, निघून गेला की अंग चोरते. "मोडत न्हाई बाई, नुसती मिटती," हे मी चौदा वर्षं ऐकलं. विश्वास ठेवला नाही.

हे शिकवायला ते दरवर्षी वर्गाला पटांगणात उभं करायचे. मुलगे-मुली एकमेकांचा हात धरायला लाजायचे, म्हणून मधे फूटपट्ट्या. सगळे एका बाजूला झुकले की चौकोनांच्या शंकरपाळ्या व्हायच्या. एकदा प्राचार्य "हा काय तमाशा?" म्हणत आत घुसले. सर आनंदानं ओरडले, "पाहुणा आला रं! जाळी उघडा!" प्राचार्य बाहेर पडायला लागले तर सरांनी हात आडवा केला. "आवं सायेब, हलू नका, जाळी मिटंल!" तास संपेपर्यंत प्राचार्य उभे होते.

तर कपाट. मागच्या फळीवर एका बाटलीत गढूळ पाणी आणि तळाशी वांगी रंगाचे खडे होते. मी पाणी मोरीत ओतलं, खडे कागदावर पसरून उन्हात ठेवले. दुपारी सर आले तेव्हा खडे आक्रसून फिकट पडले होते.

सर स्टुलावर बसले. दुसऱ्या दिवशी हेच खडे घेऊन ते पुण्याला निघणार होते. क्ष-किरणांचा फोटो निघाला, तर जाळी खरी ठरणार होती. नवीन खडे वाढवायला दीड महिना लागायचा.

"घाण पाणी होतं," मी म्हणाले.

"त्यात स्पिरिट व्हतं, बाई. जाळीतला पाहुणा तुमी हाकलला."

मग त्यांनी खडे बाटलीत घातले, स्पिरिटचा बोळा वर टांगला, झाकण लावलं. "आता बोलवायचा परत. यील."

"नाही आला तर?"

"मग चौदा वर्षं तुमचं खरं व्हतं."

माझं खरं ठरावं असं मला वाटत नव्हतं. दळण आणायचं होतं म्हणून घरी गेले, पण दळण आणायला विसरले.

फोटो निघाला, विभागाच्या भिंतीवर लागला, ते सगळं नंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी शिपायाकडून किल्ली घेतली आणि एक खडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. रंग परत आला होता, कडा ताठ. माप घेतलं, सरांच्या वहीतल्या जुन्या मापाशी ताडून पाहिलं. तंतोतंत. खडा बाटलीत टाकून काठोकाठ स्पिरिट भरलं, झाकण मेणानं बंद केलं आणि पुण्याच्या एसटीत बाटली मांडीवर घेऊन सरांच्या शेजारी मीच बसले.

कंडक्टर म्हणाला, "काय हाय वो बाई त्यात?"

"पाहुणा," मी म्हणाले. "दोन पूर्ण द्या."