मथुराबाईचं पाण्यातलं रान

अणदुरात मथुराबाई दिवसा कधी घरात सापडायची नाही. नवरा कोंडीराम मेंढरं घेऊन माळानं फिरायचा आणि दोन एकर रान ती एकटी सांभाळायची. पण दोन वर्षांमागं वैशाखात ती बांधावर चक्कर येऊन पडली. सोलापूरच्या डॉक्टरांनी बजावलं, यापुढं ऊन बिलकुल नको. रान भावकीत वाट्यानं दिलं आणि मथुराबाई घरात बसली. समोरच्या पांढऱ्या भिंतीकडं ती तासन्‌तास बघायची. तिला भिंतीवर सऱ्या दिसायच्या.

लेक शिवकन्या लातूरला रोपवाटिकेत कामाला होती. यंदा जूनमध्ये ती बारा झाकणाच्या बादल्या, दिवे, हवेचा पंप आणि एक लहान पंखा घेऊन आली. मागच्या खोलीत तिनं आडव्या तीन बांबूंना दोऱ्या सोडल्या आणि दर दोरीखाली एक बादली ठेवली. बादलीत खताचं पाणी, झाकणात जाळीची वाटी, वाटीत भाजक्या मातीचे गोळे आणि गोळ्यांत टमाट्याचं रोप, वाढेल तसं दोरीला गुंडाळायचं.

"माती कुठाय गं?" मथुराबाईनं विचारलं.

"माती न्हायच, आई. पाण्यावरच येतंय."

"मग ह्याला रान म्हणायचं का पाणपोई?"

दारातून कोंडीराम म्हणाला, "काय बी म्हणा, पर ही खोली पोत्यांची हाय. वाट्याचं सोयाबीन घरी येस्तोवर एक जरी टमाटं धरलं, तर खोली तुझी. न्हाय तर बादल्या लातूरला."

 दुसऱ्या दिवसापासून मथुराबाई पहाटेच उठून खोलीत जाऊ लागली.

त्या खोलीत वेळ वेगळाच चालायचा. बाहेर ऊन असो, आभाळ असो, आत दिव्यांचा एकसारखा, दुधासारखा उजेड. बादल्यांतून हवेचे बुडबुडे वर यायचे आणि सगळी खोली हळू आवाजात काहीतरी सांगत राहायची. झाकण उचललं की खाली मुळ्या तरंगताना दिसायच्या, ओढ्यात धुतलेल्या लोकरीसारख्या पांढऱ्या. दुपारी तिला तिथंच डुलकी लागायची. झोपेत तिचं रान उठून, सगळ्या बांधांसकट, पाण्यावरून तरंगत घराकडं यायचं.

श्रावण सरता सरता पिवळी फुलं आली. कोंडीरामनं दारातूनच बोट रोखलं. "ती बघ, तिकडं चार हायत!"

मथुराबाईनं त्याच्या हातावर फटका मारला. "बोट नका दावू! कळी नासती. इतकी वर्षं झाली, बोट मोडून दावायचं कळंना तुमाला?"

तिसऱ्या दिवशी एक फूल देठातून गळून झाकणावर पडलं.  मथुराबाईला कारण पक्कं ठाऊक होतं. तिनं कोंडीरामला खोली बंद केली. कुणाची नजर पडू नये म्हणून खिडकीला पोतं लावलं. फुलं हलून गळू नयेत म्हणून पंखाही बंद केला. शिवकन्येनं फोनवर विचारलं, "आई, पंखा चालू हाय न्हवं?" तर ती बिनधास्त "व्हय" म्हणाली.

मग तर रोज पाच, रोज सात फुलं गळू लागली. रोज सकाळी ती झाकणावरची फुलं पदरात वेचायची आणि पदर घेऊन तशीच बसून राहायची. शिवारात सोयाबीन पिवळं पडू लागलं होतं.

एके दिवशी दार नुसतं लोटलेलं राहिलं आणि भुरी मेंढी आत शिरली. दाराजवळच्या बांबूचं एक टोक खांबाला बांधलेलं होतं. भुरीनं त्या खांबाला पाठ लावली आणि डोळे मिटून अशी काही घासली, की त्या बांबूच्या चारही दोऱ्या थरथरल्या. मथुराबाई केरसुणी घेऊन धावली. "अगं भवाने, आता देठं बी ठेवू नकोस!"

आठवड्यानं ती फुलं वेचायला वाकली, तर त्या चार रोपांवर ज्वारीच्या दाण्याएवढे हिरवे मणी होते. बाकीच्या आठ रोपांवर नुसते सुकलेले देठ. तिनं चारांकडं बघितलं, आठांकडं बघितलं. मग खाली बसली. रानात तिच्या वांग्या-टमाट्यांना वारा हलवायचा, भुंगे झोंबायचे, तेव्हा कुठं फळ धरायचं. इथं वाऱ्याला तिनंच पोतं लावलं होतं.

तिनं पोतं काढलं. पंखा लावला. आणि प्रत्येक दोरीला टिचकी मारत फिरली.

पोत्यांची गाडी दारात आली तेव्हा मणी लिंबाएवढे झाले होते. तिनं कोंडीरामला आत बोलावलं. तो हात पाठीमागं धरून आला.

"हात मागं का?"

"बोट जाईल चुकून."

"जाऊ द्या. तुमच्या बोटात काय न्हवतं. माझ्याच डोस्क्यात होतं."

"आन् हे धरलं कशानं?"

"तुमच्या भुरीनं."

कोंडीराम हसला नाही. त्यानं प्रत्येक फळाला हळूच तळहात लावून बघितला, मेंढीचं पोट बघावं तसा. मग बाहेर जाऊन गाडीवानाला म्हणाला, "पोती मधल्या घरात टाक. माझी बाज हिकडं आण."

आता दुपारी तो त्याच खोलीत आडवा होतो. मथुराबाई दोरीदोरीला टिचकी मारत त्याच्या उशापर्यंत येते. फुलांतून बारीक पिवळी धूळ उजेडात तरंगते आणि हळूहळू त्याच्या धोतरावर उतरते. तो झोपेत कूस बदलतो. ती ती धूळ झटकत नाही, पुढच्या दोरीकडं जाते.