कमलाच्या नावापुढे मी लिहिलेला देश

"हे तुम्हीच लिहिलंय ना?"

म्हात्रे सरांनी कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं. कात्रण आमच्याच पेपरचं होतं, तीन आठवड्यांपूर्वीचं. 'नेपाळची कन्या, डोंबिवलीची शान' हे शीर्षक मीच दिलं होतं. संपादकांनी त्याबद्दल माझी पाठ थोपटली होती.

"हो सर. का, काही चुकलं?"

"पोरीला टीममधनं काढली."

म्हात्रे सर डोंबिवलीतल्या एका शाळेत पीटी शिकवायचे. स्वतः कोपर गावातले. कमला त्यांची विद्यार्थिनी, पंधराशे मीटर धावायची. राज्याच्या निवड चाचणीत ती पहिली आली आणि ज्युनिअर नॅशनलसाठी संघात तिचं नाव लागलं. ती बातमी मी केली. आता कुणीतरी त्याच बातमीचं कात्रण लावून राज्याच्या अॅथलेटिक्स संघटनेकडे हरकत घेतली होती. ही मुलगी परदेशी आहे, राज्याच्या संघात चालणार नाही. नॅशनलला एक महिना उरला होता.

हा नव्वदीच्या सुरुवातीचा काळ. मी कल्याणच्या एका छोट्या दैनिकात उपसंपादक होतो. उपसंपादक म्हणजे आलेली बातमी नीट करून तिला शीर्षक देणारा माणूस. लहान पेपरात तोच बातमी आणायलाही जातो. मुरबाडकडच्या एका गावात मी शिकलो, घरातला पहिला पदवीधर. आमच्या घरी पेपर यायचा तो वाण्याच्या पुड्या होऊन. त्या पुड्या सरळ करून मी वाचायचो. त्यामुळे छापलेल्या शब्दाला लोक किती मान देतात हे मला ठाऊक होतं. त्या मानामुळे कुणाचं नुकसान होईल, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

चूक कशी झाली ते सांगतो. मुलाखतीत मी कमलाला विचारलं, गाव कुठलं? आपण सगळ्यांनाच विचारतो. आणि डोंबिवलीत जन्मलेला माणूसही याचं उत्तर डोंबिवली असं देत नाही. तो चिपळूण सांगतो, सांगोला सांगतो. तिथलं घर पडून वीस वर्षं झालेली असली तरी. कमला आमच्यातच वाढलेली. तिनेही आमच्यासारखंच उत्तर दिलं.

"डोटी. नेपाळात आहे ते."

ती तिथे कधी गेली आहे का, हे मी विचारलं नाही. तिचे वडील कोपरला एका सोसायटीत वॉचमन होते. नाव दिलबहादूर, पण सोसायटीत त्यांना सगळे नुसतं बहादूर म्हणायचे. त्यांच्या आधीच्या वॉचमनलाही तेच म्हणायचे.

क्रीडा पानावर आमची एक सवयही होती. परदेशी संघात कुणी आपल्याकडच्या आडनावाचा खेळाडू दिसला, की 'भारतीय वंशाचा' असं ठळक लिहायचं. त्याच्या आजोबाच्या आजोबाने देश सोडलेला असायचा. वाचक खूश व्हायचे आणि त्या खेळाडूला कुणी संघातून काढायचं नाही. मला वाटलं, हेही तसंच.

मी संपादकांकडे गेलो. म्हटलं, खुलासा छापायला हवा. खुलासा म्हणजे आमच्याकडून अमुक चुकलं असं सांगणारा मजकूर.

"पण चूक काय आहे त्यात? बाप नेपाळी आहे ना?"

"वडील आहेत साहेब. ती इथे जन्मलीय."

"बरं, मग लाव तीन ओळी. पान पाच, खाली."

"बातमी चार कॉलम होती साहेब."

"ती बातमी होती. खुलाशाला चार कॉलम कोण देतं रे?"

तीन ओळी छापून आल्या. त्यांचं कात्रण आणि कमलाच्या शाळेचा दाखला घेऊन मी आणि म्हात्रे सर ठाण्याला गेलो. संघटनेचे एक पदाधिकारी तिथे राहायचे, हरकती तेच बघायचे. दाखल्यावर जन्मस्थळ डोंबिवली होतं आणि राष्ट्रीयत्व भारतीय.

त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. माणूस वाईट नव्हता. आम्हाला चहाही दिला.

"हे बघा, शाळेत पालक सांगतील ते लिहितात. तुमच्या पेपरचं तसं नाही. तुम्हाला खोटं लिहून काय मिळणार होतं? म्हणून तुमचं पहिलं लिहिलेलं मी जास्त खरं धरतो."

"आणि खुलासा?" मी म्हटलं.

"तो तुम्ही दया येऊन छापलात. कुणालाही कळेल. मला जन्माची नोंद आणा. पालिकेची. तिचं नाव परत लावतो, माझा शब्द."

बाहेर आल्यावर म्हात्रे सर म्हणाले, "तुमच्या पेपरवर एवढा विश्वास तर तुमचा पण नसंल."

ठाण्याच्या कोर्टात माझ्या ओळखीचे एक वकील होते. त्यांना गाठलं. ते म्हणाले, कायदा स्वच्छ आहे. सत्त्याऐंशीच्या जुलैच्या आधी जो भारतात जन्मला तो भारताचा नागरिक, आईबाप कुठलेही असोत. पुढे नियम बदलला, पण कमलाचा जन्म कितीतरी आधीचा. फक्त ती इथे जन्मली हे सिद्ध करा.

तिथेच गाडी अडली. कमला वॉचमनच्या खोलीत जन्मली होती, सुईणीच्या हाताने. नोंद कुणी केलीच नव्हती. इतक्या वर्षांनी नोंद करायची तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो. त्यासाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, साक्षीदार. सोसायटीतल्या दोन काकू साक्ष द्यायला कल्याण कोर्टात आल्या. पहिल्या तारखेला मॅजिस्ट्रेट रजेवर होते. दुसऱ्या तारखेला पालिकेकडून नोंद नसल्याचा दाखला आला नव्हता.

त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात कमला माझ्याशेजारी बाकावर बसली होती. रोज सकाळी धावतेस ना, असं मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"धावते. सर सोडतात कुठे." मग म्हणाली, "काका, तुम्ही विचारलंत म्हणून मी गाव सांगितलेलं. माझ्याबरोबर धावते त्या रश्मीला पण विचारलेलं ना त्याच दिवशी? तिने सावंतवाडी सांगितलं. ती पण कधी गेलेली नाही. तिला कुणी काही बोललं का?"

मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मग मी डोंबिवली सांगायला पाहिजे होतं का?"

"तू बरोबरच सांगितलंस. मी चुकीचं लिहिलं."

"पण घरी तर मी बसले," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मला ते आजही ऐकू येतं.

मॅजिस्ट्रेटचा हुकूम झाला, जन्माचा दाखला हातात आला, तेव्हा संघ जाऊन आठ दिवस झाले होते. दुसरी आलेली संघात होतीच, कमलाच्या जागी चाचणीत तिसरी आलेली मुलगी गेली. पदाधिकाऱ्यांनी शब्द पाळला. पुढच्या यादीत नाव घालतो म्हणाले. पण पुढच्या वर्षी कमला ज्युनिअरच्या वयात बसत नव्हती. मोठ्या गटात तिची वेळ कमी पडली. दोन चाचण्या हरल्यावर तिने मैदानावर येणं बंद केलं. नॅशनलला मेडल आलं तर स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी लागेल, असा सरांचा हिशेब होता. तो तिथेच मिटला. ती एका पॅकिंगच्या कारखान्यात लागली.

दाखला द्यायला मीच गेलो होतो. दिलबहादूर गेटवर होते. त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, डोक्याला लावला आणि माझ्या पाया पडायला वाकले.

"साहब, आप नहीं लिखते तो ये कागज कभी बनता ही नहीं. अब बेटी को कोई बाहर का नहीं बोलेगा."

मी त्यांना उठवलं. खोलीचं दार उघडं होतं. कमला आत तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

त्यानंतर मी बरीच वर्षं क्रीडा पान केलं. खेळाडूच्या नावापुढे मी दोनच गोष्टी लिहायचो, तो राहतो कुठे आणि खेळतो कुणाकडून. माझी पानं कोरडी असतात, असं सहकारी म्हणायचे. खरंच होतं ते. नव्या मुलांना मी एवढंच सांगायचो, की खुलाशाने पेपर सुटतो, ज्याच्याबद्दल लिहिलं तो सुटत नाही.