नेने काकूंचा समुद्र

जपानला जायचं ठरलं की आमच्या ओळखीतली सिंगापूरची मराठी माणसं तिकिटं काढायच्या आधी सेम्बावांगला नेने काकूंचा फ्लॅट गाठायची. काकू दार उघडायच्या, पाणी द्यायच्या आणि पहिला प्रश्न विचारायच्या, "गुडघे कसे आहेत?" २०१३ साली मी गेलो तेव्हा माझ्यानंतर बायकोच्या गुडघ्यांची चौकशी झाली, आणि मगच चहा आला.

"टोकियोसाठी विमानात कशाला बसायचं? ऑर्चर्ड रोडला जा, तेवढेच दिवे आहेत," हे त्यांचं ठाम मत. त्यांचा जपान म्हणजे ताकायामाचा सकाळचा बाजार, तोत्तोरीच्या वाळूच्या टेकड्या, कानाझावाची बाग. आणि सगळ्यावर कळस म्हणजे शिकोकू बेटावरचं कोंपिराचं देऊळ. डोंगरावर सातशे पंच्याऐंशी पायऱ्या. पायथ्याच्या दुकानातून काठी घ्यायची, उतरल्यावर परत करायची. देव दर्यावर्दी लोकांचा. नेने काकांचा जन्म सेम्बावांगच्या शिपयार्डात जहाजं दुरुस्त करण्यात गेला, त्यामुळे हा देव काकूंना घरचाच. "गुमान चढा. वरून समुद्र दिसतो," असं त्या इतक्या खात्रीने सांगायच्या की ऐकणाऱ्याची शंका विचारायची छाती होत नसे.

समुद्र मात्र कोणालाच दिसला नाही. परत येऊन कुणी तक्रार केली की काकू शांतपणे म्हणायच्या, "धुकं असेल." मी लख्ख उन्हातला फोटो दाखवला, तर त्यांनी माझ्या कॅमेऱ्यालाच नावं ठेवली.

२०१६ मध्ये त्यांचा फोन आला. काका जाऊन वर्ष झालं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि नंतर मुलगा त्यांना कायमचं पुण्याला नेणार होता. "त्याआधी मला कोंपिराला चढायचंय. तुम्ही दोघं आणि मुलगी, तिघं चला," त्या म्हणाल्या. ती विनंती नव्हती.

पिशवीत दशम्या आणि हातात काठी घेऊन काकू पायरीला एक पाय, मग दुसरा, अशा चढत राहिल्या. अर्ध्या वाटेवर एका दगडी कठड्यापाशी त्या थांबल्या. "हे इथेच बसले होते," त्या म्हणाल्या. "दम लागला होता. मला म्हणाले, तू वर जा, समुद्र दिसतो का ते बघून ये. त्यांना एकटं टाकून कशी जाऊ? त्या वळणाआड दहा मिनिटं उभी राहिले आणि येऊन सांगितलं, दिसतो. इतके खूश झाले, साऱ्या शिपयार्डात सांगत सुटले. म्हटलं, डोळे मिटायच्या आत बघून यावं, मी त्यांच्याशी खोटं बोलले की काय." बायकोने पुढे होऊन त्यांची पिशवी घेतली.

वर देवळाजवळच्या कुंडावर लोक पळीने पाणी घेऊन हात धूत होते. काकूंनी उजव्या तळहातावर पाणी घेतलं, तीर्थ म्हणून प्यायल्या आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. मागच्या जपानी आजोबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मोठ्या आदराने तसंच केलं.

मग काकू वरच्या कठड्याशी गेल्या. खाली शेतं, घरं, एक टेकडी, आणि त्यापलीकडे नुसतं पांढरं.

"आजी, नो सी ला," आमची नऊ वर्षांची मुलगी म्हणाली. मराठी तिला कळायची, पण तिचं उत्तर नेहमी असंच सिंगापुरी इंग्रजीत यायचं. मी तिला चिमटा काढला.

काकू बराच वेळ बघत राहिल्या. "धुकं आहे गं," त्या म्हणाल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "म्हणजे मागे समुद्र असणारच. खोटं नाही बोलले."

पुण्याला गेल्यावर वर्षभरात काकू गेल्या. त्यांची फार आठवण येते. आता जपानला जाणारी मंडळी आमच्याकडे येतात आणि मी त्यांचे गुडघे विचारतो. मागे एक जोडपं कोंपिराहून परतलं आणि कुरकुरलं, समुद्र काही दिसला नाही. मी तोंड उघडायच्या आत आतल्या खोलीतून मुलीचा आवाज आला, शुद्ध मराठीत.

"धुकं असेल."