पगारातले वीस रुपये

आमच्या कारखान्यात दरमहा सगळ्यांच्या पगारातून वीस रुपये कापतात. कुणाच्या घरी बाळंतपण असलं, कुणी अंथरुणाला खिळलं, की त्या रजेचा पगार त्यातून मिळतो. एकटे राहणारे शिंदेकाका यावर कायम कुरकुरतात. "मला ना बायको, ना पोर."

काल रजेवरची वंदना बाळ दाखवायला गेटवर आली. "काका, घ्या ना." काकांनी ग्रीसचे हात पँटला पुसले, मग नळावर साबणाने दोनदा धुतले, तरी बाळाला हात लावेनात.

आईच्या शेवटच्या दिवसांत मी दोन महिने तिच्या उशाशी बसले, ती याच पैशांवर. त्या नोटांवर कुणाचं नाव नव्हतं, म्हणून आभार कुणाचेच मानले नाहीत.

काकांचे हात अजून ओलेच होते. मी माझा धुतलेला रुमाल पुढे केला.