‘फास्ट’ म्हणजे नेमकं काय?

शिक्षकांच्या खोलीत किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. चार माणसं, चहाची किटली आणि एखादा अडेल शब्द, एवढं पुरतं. आमचा शब्द होता ‘फास्ट’!

एकोणीसशे पन्नासच्या सुमारास मी परतूरच्या शाळेत लागलो. आमच्यातले निम्मे निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. वरून हुकूम आला, सहा महिन्यांत इंग्रजीची परीक्षा द्या, नाहीतर बदली! झालं. शाळा सुटली की आम्ही सारे इंग्रजीच्या दिनकर सरांसमोर बाकांवर. सर वयानं सगळ्यांत लहान, अन् बिनलग्नाचे.

एकदा हेडमास्तर शिपाई गणपतमामांना म्हणाले, “आपलं घड्याळ फास्ट झालंय.”

मामांची छाती फुगली. “होनारच साहेब! आठ दिसांपासून तेल घालून राह्यलो!”

गणिताच्या भालेराव सरांना एकादशीला अर्धा दिवस सुटी हवी होती. डिक्शनरीत उपवासाला ‘फास्ट’ सापडलं. मोठ्या ऐटीत चिठ्ठी धाडली, ‘आय ॲम व्हेरी फास्ट टुडे.’

हेडमास्तरांनी खाली शेरा मारला, ‘उत्तम! आज दोन तास जादा घ्या.’

मग धड्यात ‘फास्ट अस्लीप’ आलं. दिनकर सर म्हणाले, “इथं फास्ट म्हणजे गाढ.” चित्रकलेच्या कदम सरांना राहवेना. “मंग फास्ट पॅसेंजरमधी डायवरबी झोपतो की काय?”

त्या दिवशीचा वर्ग तिथंच संपला!

भालेराव सरांचा हमीद नावाचा शाळेपासूनचा जिवलग दोस्त हैदराबादला होता. कुठल्याशा फालतू गोष्टीवरून दोघांचा सहा वर्षं अबोला. दिनकर सरांनी सरावासाठी इंग्रजीत पत्र लिहा म्हटल्यावर भालेराव सरांनी त्यालाच लिहिलं, ‘यू आर माय फास्ट फ्रेंड’, म्हणजे जिवाभावाचा दोस्त. दोन दिवस पत्र खिशातच. शेवटी टाकलं एकदाचं.

पाचव्या दिवशी हमीद वळकटी घेऊन फाटकात, धापा टाकत! “क्या हुआ रे? फास्ट लिख्या ना तूने? मैं तुरंत निकल्या!”

भालेराव सरांनी खरा अर्थ सांगितलाच नाही. त्याच्या हातातली वळकटी घेतली अन् चष्मा पुसत बसले.

पण दिनकर सरांचं लग्न ठरलं, त्याला तोड नाही. तीन ठिकाणी नकार आल्ता. चौथी मुलगी जालन्याच्या कापडवाल्याची. सरांसोबत मी गेल्तो. पोहे झाले. सर घामाघूम. अन् काही सुचेना म्हणून त्यांनी विचारलं, “फास्ट म्हणजे काय, सांगता येईल?”

मी कपाळाला हात लावला. पण मुलगी शांत. “कापडावर छापलेलं असतं. फास्ट म्हंजी पक्का. रंग जात न्हाई.”

“बराबर!” सरांना जोर आला. “आणि माणूस पक्का आहे, हे कसं ओळखायचं?”

तिनं सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तसंच. एकदा धुऊन बघायचं!”